आठचा नमस्कार

या, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात मागच्या रांगेतल्याला झोप लागते, आणि कथेत भिंतीला टेकलेल्याला. मी काही बुवा नाही. गादीवर उभं राहायचा माझा अधिकार नाही. जन्मभर बुवांच्या मागं बसून पेटी वाजवली आणि दिवसा लोकांच्या पेट्या दुरुस्त केल्या, एवढंच. पण एकवीस वर्षांपूर्वी मी एका दाराच्या पडद्याआड तेवीस सकाळी उभा राहिलो, त्याची हकीकत सांगतो. पूर्वरंग लांबवत नाही.

"मिसेसना नेमकं काय होतं?" फणसळकर बाईंनी विचारलं.

"गुडघे धरतात."

"चालतात ना पण?"

"चालतात की."

हे खोटं मी बोललो ते एका बाथरूममध्ये उभं राहून. बोलताना माझा हात भिंतीवरच्या स्टीलच्या दांडीवर होता. कमोडच्या दोन्ही बाजूंना तशा दांड्या होत्या, नळाजवळ एक, दारापाशी एक. दार एवढं रुंद की चाकाची खुर्ची सरळ आत जावी. दिव्याची बटणं कमरेच्या उंचीवर. आणि सगळ्या घरात उंबरठा म्हणून नाही. मी दांडी हलवून पाहिली. हलली नाही. असं काही मी चौदा महिने घरं शोधताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बाईंना दिसू नये म्हणून मी उगाच नळ सोडून पाहिला.

साताऱ्याहून लिंबकडे जाताना आतल्या अंगाला ही 'कृतार्थ' वसाहत. सोळा बैठी घरं. पेन्शनीत निघालेल्या लोकांसाठी एका ट्रस्टनं बांधलेली. सुरुवातीला तिथं डॉक्टर यायचा, मेस होती, रात्रीबेरात्री न्यायला गाडी होती. पलंगाशी लाल दोरी होती. ओढली की ऑफिसात घंटा वाजायची. मग ट्रस्ट मोडला. सहा वर्षं झाली होती मोडून. म्हातारी माणसं एकेक करून गेली, मुलांनी घरं भाड्यानं द्यायला काढली. जुन्यांपैकी चौघं उरली होती, त्यांत या बाई. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि वसाहतीच्या सेक्रेटरी. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा.

"इथली एक पद्धत आहे, गुरव," बाई म्हणाल्या. "सकाळी आठला प्रत्येकानं आपल्या दारात उभं राहून नमस्कार करायचा. मी फेरी मारते. ज्याला स्वतःचं स्वतः करता येतं तोच इथं राहणार, असा ट्रस्टचा नियम. हे काही हॉस्पिटल नव्हे. सलग तीन दिवस जो दारात दिसला नाही, त्याच्या मुलांना पत्र जायचं, येऊन घेऊन जा म्हणून."

"पण आता ट्रस्ट तर..."

"ट्रस्ट नाही. मी आहे."

घरमालक नाशिकला. तो फोनवर म्हणाला, "एक महिना राहून बघा. बाईंचं सहीचं संमतीपत्र मिळालं की करारपत्र करू. त्यांची सही नसेल तर मला जमायचं नाही. तिथल्या म्हाताऱ्यांशी मला भांडण नको."

शकूला, माझ्या बायकोला, चौदा महिन्यांपूर्वी, त्रेचाळिसाव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली. जीभ शाबूत राहिली, आणि तीच तर तिची तलवार. आम्ही साताऱ्यात पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. संडास जिन्याच्या वळणावर. दिवसातून चार वेळा मी तिला पाठुंगळी घेऊन उतरायचो आणि चढायचो. माझी कंबर गेली, पेटीवर बोटं कापायला लागली, कीर्तनाची आमंत्रणं मीच नाकारायला लागलो. घरं पाहिली ती सगळी वरच्या मजल्यावर, नाहीतर दोन पायऱ्या, नाहीतर बाथरूम एवढं की खुर्ची दारातच अडकावी. आम्ही एकमेकांशी बोलणंसुद्धा कमी केलं होतं. भांडायला बळ लागतं.

सात नंबरच्या घरात पहिल्या संध्याकाळी शकू चाकाच्या खुर्चीत बसून कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन दाराशी आली.

"अहो, उंबरठाच नाही की. हळदकुंकू लावू कुठं? लक्ष्मी आत आली हे तिला कळणार कसं?"

"चाकांवरून येईल."

"मग पंक्चर नको व्हायला," ती म्हणाली, आणि फरशीवरच बोटभर कुंकू ओढलं.

मग तिनं खुर्ची वळवली, एका हातानं चाक रेटत बाथरूमकडे गेली. मी उठलो. "थांबा तिथंच," ती म्हणाली. दांडी धरल्याचा आवाज आला. दार लागलं. आणि मग आतून कडी सरकली. चौदा महिन्यांत तिनं कडी लावली नव्हती. मी दाराबाहेर उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला.

"शकू, काय करतेस आत?"

"काही नाही. बसलेय."

"बरं आहे ना?"

"एकटी बसलेय हो. बसू द्या."

बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल होते. म्हणाली, "मला दुसरं काही नको. हे घर सोडायचं नाही."

तर आता आठचा नमस्कार. शकूला कुणी धरलं तर उजव्या पायावर दोन मिनिटं उभं राहता यायचं. पण नमस्काराला हात लागतात दोन. तिचा डावा हात मेलेला. आम्ही दाराला जाड पडदा लावला. मी पडद्याच्या आत, ती बाहेर. माझा उजवा हात पडद्याच्या फटीतून तिच्या कमरेला. पदर तिनं दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. आणि त्या पदराखालून माझा डावा हात पुढं येऊन तिच्या उजव्या हाताला जोडलेला. एक तळवा तिचा, एक माझा, असा नमस्कार.

"तुमचं मनगट बघा," शकू म्हणाली. "अस्वलाचं वाटतंय. माझ्या आईच्या मोठ्या मापाच्या बांगड्या आहेत, त्या घाला."

साबण लावून चार हिरव्या बांगड्या माझ्या हातात चढवल्या. निघेनात म्हणून तेवीस दिवस तशाच ठेवल्या. दुरुस्तीला पेट्या आणणारे लोक बघायचे, मी बाही खाली ओढायचो.

पहिल्या सकाळी बाई आल्या. हातात वही, पायांत कॅनव्हासचे बूट. फाटकापाशी, दहा-बारा हातांवर थांबल्या.

"नमस्कार."

"नमस्कार बाई," शकू म्हणाली. तिचा तळवा घामानं माझ्या तळव्याला चिकटला होता.

"मिस्टर कुठं आहेत?"

"पूजेला बसलेत."

बाई वहीत काहीतरी लिहून पुढं गेल्या. मी शकूला खुर्चीत सोडलं आणि स्वतः फरशीवर बसलो. दोन मिनिटांचं काम, पण पेट्यांचा ट्रक उतरवल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "रोज आठलाच पूजा?"

"रोज."

"घंटा ऐकू येत नाही कधी."

"मानसपूजा करतात हो," शकू म्हणाली. पडद्यामागं मी डोळे मिटून देवाची क्षमा मागितली. ती तेवढी मात्र खरी मानसपूजा.

शेजारी आठ नंबरला हुद्देदार काका. बांधकाम खात्यातून निवृत्त, एका कानानं बहिरे, बायको गेलेली. त्यांना आमचं गुपित ठाऊक होतं की नाही देव जाणे. एकदा कुंपणावरून मला म्हणाले, "गुरव, आठला उभं राहायचं म्हणून मी सहाला उठतो. या पायांना जागं व्हायला दोन तास लागतात. नमस्कार झाला की आठ वाजून पाच मिनिटांनी पुन्हा आडवा. माझी सगळी नोकरी आता दोन मिनिटांची आहे."

"मग बाईंना सांगा ना, नाही जमत म्हणून."

"सांगतो की. मग मुलगा येईल न्यायला. तो बंगळूरला चौदाव्या मजल्यावर राहतो. तिथं मी कुणाला नमस्कार करू, कावळ्यांना?"

दिवस असे चालले होते. शकू स्वतः आंघोळ करायला लागली. तिला दोन तास लागायचे, पण करायची. एका हातानं कणीक मळायची. मी तिला उचलत नव्हतो म्हणून माझी कंबर जरा सरळ झाली होती, पण मनाचा थकवा जाईना. रोज संध्याकाळी उद्याच्या आठची धास्ती सुरू व्हायची. महिना भरायला दहा-बारा दिवस उरले तेव्हा बाई दुपारी अचानक आल्या. शकूला मी आत लोटलं, दार ओढलं.

"तुम्ही कीर्तनाला साथ करता असं हुद्देदार म्हणाले."

"करायचो. हल्ली कमी."

"येत्या रविवारी आमच्या यजमानांची तिथी आहे. सातवं वर्ष. मुलगा काही करत नाही. त्यांना कीर्तनाची फार आवड होती, पेन्शन झाल्यावर गावोगाव जायचे ऐकायला. सभागृह उघडून देते. कुणी चांगले बुवा मिळतील?"

मी निढळकर बुवांचं नाव सांगितलं. मोठा गोड माणूस, माझ्यावर जीव. बाई उठताना म्हणाल्या, "तुमच्या संमतीपत्राचं कीर्तनानंतर बघू."

मी त्याच दिवशी बुवांना फोन केला. त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाच्या नावानं? गृहस्थ काय करत होते? गेले कसे?"

"त्र्यंबकराव फणसळकर. अण्णा म्हणायचे. कोर्टात शिरस्तेदार होते."

"आणि गेले कसे?"

मला ठाऊक नव्हतं. विचारायला पाहिजे होतं. पण पुन्हा बाईंच्या दारी जायचं, पुन्हा त्यांच्या त्या नजरेपुढं उभं राहायचं, याचाच मला कंटाळा आला. म्हातारा माणूस, म्हाताऱ्यांची वसाहत, आणखी कुठं जाणार? मी म्हणालो, "घरीच. शांतपणे."

रविवारी दुपारी चारला कीर्तन. शकू म्हणाली, "मी येणार. चौदा-पंधरा महिने झाले कीर्तन ऐकून."

"आणि आरतीला उभी कशी राहणार? मी पेटीवर असेन."

"ऐकायला पाय लागत नाहीत."

"आरतीला लागतात."

सभागृह आमच्या घरापासून पन्नास पावलांवर. मी तिची खुर्ची खिडकीशी लावली, खिडकी सताड उघडली आणि सभागृहाचा कर्णा त्या बाजूला वळवला. एवढंच करता आलं.

सभागृहात खुर्च्यांच्या रांगा होत्या. तिथल्या माणसांना खाली बसता यायचं नाही. पंचवीसेक माणसं जमली. जुनी चौघं, भाडेकरू, शेजारच्या वाडीवरची काही. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर बुक्क्याची वाटी आणि हार. मार्गशीर्षातलं ऊन खिडक्यांतून तिरपं येत होतं. बुवांनी नमन केलं, आणि खूप दिवसांनी माझी बोटं कापली नाहीत. सूर लागला की देह आपला राहत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. मी डोळे मिटून वाजवत होतो. पलीकडे खिडकीत शकू ऐकते आहे, असं मनात आलं की भाता आपोआप भरत होता.

पूर्वरंग संपत आला. बुवा मरणावर बोलत होते, चांगल्या मरणावर. मग त्यांनी उपरणं सावरलं आणि आवाज मऊ केला.

"आता आपले त्र्यंबकराव. अहो, काय भाग्य त्या माणसाचं. दूर कुठं नाही, परक्या अंथरुणावर नाही. याच जागेत, आपल्या घरात, सहधर्मचारिणीच्या मांडीवर डोकं आणि ओठांवर नाम, असं शांतपणे..."

"बुवा, थांबा."

बाई उभ्या होत्या. हार खाली पडला होता.

चाळीस वर्षांत मी कीर्तनात दिवे गेलेले पाहिलेत, साप निघालेला पाहिलाय, श्रोत्याला फेपरं आलेलं पाहिलंय. गादीवर उभ्या असलेल्या माणसाला थांबा म्हणताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. माझा हात भात्यावरच राहिला. सूर विरून गेला.

"ते इथं गेले नाहीत," बाई म्हणाल्या. वर्गात धडा वाचावा तसा आवाज. "पुण्याला गेले. एका शुश्रूषागृहात, तिसऱ्या मजल्यावर. मी त्यांच्याजवळ नव्हते. मी इथं होते. त्यांच्या नावानं खोटं सांगू नका."

हुद्देदार काका शेजारच्याला विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"चूक माझी, बाई. न पाहिलेलं मी पाहिल्यासारखं सांगितलं. पुढं म्हणू की थांबू?"

बाईंनी वाकून हार उचलला. मग म्हणाल्या, "म्हणा. सुरू केलेलं अर्धं ठेवू नये." आणि बसल्या.

बुवांनी मागं वळून पाहिलं. "गुरव, सूर द्या."

मी सूर दिला. आख्यान झालं, आरती झाली, प्रसाद झाला. बाईंनी सगळं रीतीप्रमाणे केलं, बुवांना नारळ दिला, आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या. उपरण्याची घडी घालताना बुवा मला म्हणाले, "घरी गेले असं तूच सांगितलंस ना रे?"

"हो."

"ठाऊक होतं?"

"नाही."

मला वाटलं रागावतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फार थकलायस तू, बळवंता," म्हणाले, आणि एसटी गाठायला गेले.

मी घरी आलो तेव्हा शकू खिडकीशीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कर्णा तिच्याकडेच वळवलेला.

"गेलं घर," मी म्हणालो.

"चहा घ्या आधी."

चहा होईपर्यंत दिवेलागण झाली, आणि फाटक वाजलं. शकू खोलीच्या मध्यावर, चाकाच्या खुर्चीत. पडदा बाजूला सारलेला, दार उघडं. तिला आत न्यायला मी उठलो, आणि पुन्हा बसलो. खरं सांगतो, माझ्यात उठायचं बळ उरलं नव्हतं. बाई दारात आल्या. हातात एक कागद होता.

"बसून नमस्कार केला तर चालेल का, बाई?" शकूनं उजवा हात कपाळाला लावला.

बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या. कागद मांडीवर ठेवला.

"तुमच्या पडद्यापाशी चार पावलं दिसतात," त्या म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बांगड्यांचा विचार केला होता, पदराचा केला होता. पडदा वीतभर आखूड आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"कधीपासून दिसतात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. बांगड्या चांगल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "शेवटी शेवटी अण्णांचा तोल जायचा. दोन्ही पायांतलं बळ गेलं होतं. मला म्हणाले, कमल, तू मागून धर, मी नमस्कार करतो. दोन मिनिटांचं तर काम आहे. कोण वाकून बघणार आहे? मी म्हटलं, मी सेक्रेटरी. फेरी मी मारते. मीच मागून धरू आणि मीच वहीत हजर लिहू? तीन सकाळी ते पलंगावर बसून राहिले. चौथ्या दिवशी मी पत्र लिहिलं. छापील मजकूर होता, नाव तेवढं भरायचं. आपले वडील यांस घेऊन जावे. माझ्याच मुलाला मी 'आपले वडील' असं लिहिलं."

शकूनं खुर्ची थोडी पुढं घेतली.

"गाडी आली तेव्हा आठ वाजत होते. मी फेरीला गेले. दोन महिन्यांनी पुण्याहून फोन आला." त्यांनी कागद उचलला. "हे तुमचं संमतीपत्र. परवाच लिहून ठेवलंय. सही होत नाही. तुम्हाला राहू दिलं, तर मग त्यांना का नाही? याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्हाला जायला सांगितलं तर निदान नियम तरी खरा ठरतो. तेवीस दिवस मी रोज ठरवून निघते, आज सांगायचं. आणि तुमची ती चार पावलं बघून पुढं जाते."

मला जे सुचलं ते मी बोलायला लागलो. कुणीही तेच बोललं असतं, आणि मला घरही हवं होतं. "बाई, तुम्ही तरी काय करणार? नियमच होता. तुमचा काय..."

"अहो, गप्प बसा," शकू म्हणाली. मग बाईंकडे पाहून, अगदी हळू, "चुकलं तुमचं."

मी डोळे मिटले. आता सामान बांधायचं, एवढंच मनात आलं.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"चुकलं म्हणाले. मला ठेवा नाहीतर काढा. हे घर मला किती हवंय ते माझं मलाच ठाऊक, पण घरासाठी मी हे गोड करून सांगणार नाही. माणूस म्हणत होता मागून धर. धरायला पाहिजे होतं."

बाहेर हुद्देदार काकांचा रेडिओ मोठ्यानं लागला होता, बहिऱ्या कानाचा. बाईंचं तोंड आधी कडक होतं, मग ते हळूहळू सैल झालं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ही बाई किती दमलेली आहे. माझ्याहून, शकूहून, कुणाहूनही जास्त.

"सात वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "सगळे मला हेच म्हणतात, तुम्ही काय करणार, नियम होता. बहीण म्हणते, शेजारी म्हणतात. मुलगा तर काहीच म्हणत नाही, फोनच करत नाही. चुकलं असं कुणी म्हटलंच नाही. आणि कुणी म्हणेना, म्हणून मी रोज फेरी मारते. पेन आहे का, गुरव?"

पेटीच्या खोक्यातलं पेन मी दिलं. त्यांनी कागद मांडीवर ठेवून सही केली. मुख्याध्यापिकेची सही, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली. मग कागद शकूच्या हातात दिला, माझ्या नाही.

"चहा उरलाय का?"

"आहे. मी एका हातानं करते, म्हणून पत्ती जास्त पडते," शकू म्हणाली.

"पडू दे."

त्या घरात आम्ही अकरा वर्षं राहिलो. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी फेरी बंद केली असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. त्या यायच्या. वही मात्र आणायच्या नाहीत, आणि आमच्याकडे आल्या की बसायच्या. हुद्देदार काका आडवे पडूनच खिडकीतून हात हलवायचे. मुलाला बाईंनी एक पत्र लिहिलं, छापील नव्हे. त्याचं उत्तर यायला दोन वर्षं लागली, आणि तो आला तेव्हा बाई अंथरुणाला लागल्या होत्या. त्या आपल्या तीन नंबरच्या घरातच होत्या, आपल्या पलंगावर. सकाळी शकू खुर्ची रेटत जायची आणि एका हातानं त्यांची वेणी घालायचा प्रयत्न करायची. बाई तिला ओरडायच्या, भांग वाकडा काढतेस म्हणून.

त्या गेल्या, आणि पाच वर्षांनी शकू गेली. मी आता पुतण्याकडे साताऱ्यात असतो. पेटी वाजवत नाही, ऐकतो.

बाईंच्या नावानं कीर्तन करावं असं माझ्या फार मनात होतं. पण त्यांनी बजावून ठेवलं होतं, "माझ्या पश्चात कीर्तन नको, गुरव. बुवा लोकांचं मन मोठं असतं, ते माणसाला चांगलं करून टाकतात." म्हणून कीर्तन केलं नाही. जसं झालं तसं तुम्हाला सांगितलं. त्यांचं नाव कमलिनी त्र्यंबक फणसळकर. घरी जाल तेव्हा एकदा त्यांची आठवण काढा. चुकलेली बाई म्हणून काढलीत तरी चालेल. त्यांना तशीच हवी होती.